किनारा कोण राखतो?

१८ ऑगस्ट २०२२ रोजी रायगड जिल्ह्यात हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस बोट लागली. लांबी सोळा मीटर, आत माणूस नाही. झडती घेतली तेव्हा तीन एके-४७ रायफली आणि काडतुसे निघाली. दुसऱ्या दिवशी दहीहंडी होती, गणपती दोन आठवड्यांवर आले होते. जिल्ह्यात नाकाबंदी लागली, मुंबईत सतर्कतेचे आदेश गेले, दहशतवादविरोधी पथक श्रीवर्धनकडे निघाले. त्याच दिवशी तत्कालीन उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत खुलासा केला. बोटीचे नाव ‘लेडी हान’, मालकीण ऑस्ट्रेलियाची. मस्कतहून युरोपकडे जाताना २६ जूनला इंजिन बंद पडले. खलाशांना एका कोरियन युद्धनौकेने वाचवले, पण समुद्र खवळलेला असल्यामुळे बोट ओढून नेता आली नाही. ती लाटांवर वाहत साडेसात आठवड्यांनी कोकणाला लागली.

घातपात नव्हता, म्हणून बातमी दोन दिवसांत मागे पडली. सुरक्षा धोरणाच्या अभ्यासकासाठी मात्र ही बोट फार मोलाची आहे. हरिहरेश्वर, शेखाडी आणि दिघी ही तिन्ही गावे एकाच श्रीवर्धन तालुक्यात येतात. १९९३ च्या जानेवारी आणि फेब्रुवारीत मुंबईच्या स्फोटांसाठीची शस्त्रे आणि आरडीएक्स दिघी आणि शेखाडी येथेच उतरले होते. म्हणजे ज्या तालुक्यावर देशातील सर्वांत कडवट अनुभवाचा शिक्का आहे, त्याच तालुक्याच्या किनाऱ्यापर्यंत तीस वर्षांनी रायफली असलेली बोट पोहोचली आणि ती वाटेत कोणाच्या नजरेत भरली नाही. मधल्या तीस वर्षांत समित्या झाल्या, योजना आल्या, बोटी घेतल्या, रडार उभे राहिले. मग हे घडले कसे?

उत्तर शोधायचे तर धोरणाचे कागद तारखेनुसार वाचून भागत नाही. प्रत्येक कागद कोणत्या धोक्याच्या आठवणीने लिहिला गेला, हे आधी पाहावे लागते. सुरक्षेचे धोरण एकदम बदलत नाही. जुन्या व्यवस्थेवर नवी बसते, जुनी मोडली जात नाही, आणि दोन्हींच्या सांध्यात फट राहते. कोकणच्या किनाऱ्यावर हे सांधे फार स्पष्ट दिसतात, म्हणून या प्रकरणात आपण तोच किनारा घेणार आहोत.

सर्वांत खालचा थर तस्करीचा. १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आले आणि देशातील सोन्याचा भाव बाहेरच्या भावापेक्षा बराच वर गेला. दुबईहून निघालेली गलबते सोने, घड्याळे, ट्रान्झिस्टर, कापड घेऊन पश्चिम किनाऱ्याकडे येत. माल खाडीच्या तोंडाशी उतरे, पुढे बैलगाडीने, मग ट्रकने मुंबईला जाई. याला किनाऱ्यावर ‘लँडिंग’ म्हणत. हे रोखण्याचे काम कस्टम्सचे होते, पण कस्टम्सच्या नौका गलबतांपुढे कमी पडत. १९७४ मध्ये दोन गोष्टी घडल्या. बॉम्बे हाय येथे तेल लागले आणि के. एफ. रुस्तमजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. समुद्रासाठी वेगळे सशस्त्र दल असावे असा विचार तिने पुढे मांडला. १९७६ च्या कायद्याने किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचे पाणी भारताच्या हद्दीचे आणि २०० सागरी मैलांपर्यंतचे क्षेत्र आर्थिक हक्काचे ठरले. १ फेब्रुवारी १९७७ रोजी तटरक्षक दल कामाला लागले, तेव्हा त्याच्याकडे नौदलाने दिलेल्या दोन जुन्या फ्रिगेट आणि पाच लहान गस्ती नौका एवढेच होते.

या थरातला शत्रू कसा होता? तो व्यापारी होता. त्याला नफा हवा होता, जीव प्यारा होता, आणि तो लाच देऊन वाट मोकळी करून घेई. त्यामुळे संपूर्ण व्यवस्थेने एक गोष्ट मनात धरली होती: समुद्रातून बेकायदा येतो तो माल, आणि माल आला तर बुडतो तो महसूल. किनाऱ्यावरच्या पोलीस ठाण्याचा पाण्याशी संबंध नव्हता. भरतीची रेषा हीच त्याची हद्द.

१९९३ मध्ये याच गृहीतकाचा घात झाला. वाटा जुन्या होत्या, खाड्या त्याच होत्या, माल उतरवणारी माणसे त्याच धंद्यातली होती. बदलला फक्त माल. १२ मार्च १९९३ च्या शुक्रवारी मुंबईत एकामागून एक स्फोट झाले आणि २५७ माणसे मेली. पुढे टाडा न्यायालयाने ज्यांना दोषी ठरवले, त्यांत कस्टम्सचे आणि पोलीस खात्याचे लोकही होते. ज्यांनी नाक्यावरून गाड्या सोडल्या त्यांच्यासाठी ते नेहमीसारखेच एक ‘लँडिंग’ होते. भ्रष्टाचाराची गोष्ट म्हणून ही अनेकदा सांगितली जाते आणि ते खरेच आहे. पण धोरणाच्या बाजूने त्यात आणखी एक गोष्ट आहे. महसूल वाचवण्यासाठी उभारलेल्या यंत्रणेला देशाच्या सुरक्षेचे काम न सांगता येऊन पडले होते, आणि त्यासाठी तिच्याकडे माहिती, बोटी, अधिकार यांपैकी काहीच पुरेसे नव्हते.

स्फोटांनंतर महाराष्ट्र आणि गुजरातच्या किनाऱ्यावर ‘ऑपरेशन स्वान’ सुरू झाले. खोल समुद्रात नौदल, मध्ये तटरक्षक दल, किनाऱ्यालगत नौदल, पोलीस आणि कस्टम्स यांची एकत्र गस्त अशी तिहेरी रचना होती. किनाऱ्यालगतच्या गस्तीसाठी मासेमारीचे ट्रॉलर भाड्याने घ्यावे लागले, यावरून सरकारी तयारी किती होती ते समजते. खरा बदल कारगिलनंतर आला. १९९९ च्या युद्धाने सीमांच्या राखणीचा फेरविचार करायला लावला. २००१ च्या मंत्रिगटाच्या अहवालात किनाऱ्यावरही बोट ठेवले गेले आणि २००५ मध्ये किनारी सुरक्षा योजना मंजूर झाली. देशभर ७३ सागरी पोलीस ठाणी, २०४ बोटी. हिमालयातल्या लढाईने कोकणच्या पोलिसाला पाण्यात उतरवले, असे म्हणायला हरकत नाही. मात्र अहवाल २००१ चा, योजना २००५ ची, आणि गोवा शिपयार्ड व कोलकात्याच्या गार्डन रीच या कारखान्यांतून बोटी येऊ लागल्या त्या २००९ मध्ये. मधल्या अंतरातच २६ नोव्हेंबर २००८ येऊन गेला.

त्या हल्ल्याची हकीकत वाचकांना ठाऊक आहे, म्हणून तिचा समुद्रातला भागच घेऊ. दहा जण कराचीहून निघाले. भर समुद्रात त्यांनी पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका पकडली, तिच्यावरचे चार खलाशी मारले, आणि तांडेलाला मुंबईजवळ येईपर्यंत जिवंत ठेवून मग त्यालाही मारले. हल्लेखोरांकडे जीपीएस होते, सॅटेलाइट फोन होता. पण त्यांचे सर्वांत मोठे हत्यार होते ‘कुबेर’ची भारतीय नोंदणी. गस्तीवरचे लोक परकी, संशयास्पद नौका शोधत होते, आणि शत्रू हजारो कायदेशीर मासेमारी नौकांच्या गर्दीत मिसळून आला. तस्कराला अंधार आणि एकांत लागत असे. या शत्रूला गर्दी हवी होती.

रात्री रबरी होडीतून ते कुलाब्याला बधवार पार्कजवळच्या मच्छीमार वस्तीत उतरले. तिथे त्यांना पहिला प्रश्न कोणी विचारला? पोलिसांनी नाही, तटरक्षक दलानेही नाही. किनाऱ्यावर बसलेल्या कोळी लोकांनी विचारले, तुम्ही कोण, कुठून आलात? उत्तर उर्मट मिळाले आणि ती माणसे पाठीवर पिशव्या टाकून शहरात शिरली. पुढच्या तीन दिवसांत १६६ जण मारले गेले. त्या रात्री कोळीवाड्याची नजर चुकली नव्हती. ती नजर पुढे कोणाला कळवायची, कळवल्यावर कोण धावणार, याची वाट तयार नव्हती. सगळ्या सागरी सुरक्षेच्या इतिहासात मला ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि हिच्यावर सर्वांत कमी लिहिले गेले आहे.

२००९ च्या फेब्रुवारीत केंद्राने नवी घडी बसवली. किनाऱ्यापासून खोल समुद्रापर्यंत सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे आली. सध्याच्या मांडणीत १२ सागरी मैलांपर्यंत सागरी पोलीस, तिथून २०० मैलांपर्यंत तटरक्षक दल आणि त्यापुढे नौदल असे काम वाटलेले आहे. मुंबई, कोची, विशाखापट्टणम आणि पोर्ट ब्लेअर येथे संयुक्त केंद्रे झाली. बंदरे आणि नौदलाची ठाणी राखण्यासाठी सागर प्रहरी बल उभे राहिले. देशाच्या किनाऱ्यावर आणि बेटांवर मिळून पहिल्या टप्प्यात ४६ रडार केंद्रे आली, त्यांतली बरीचशी दीपगृहांवर. या सगळ्यांचे चित्र एका पडद्यावर आणणारे केंद्र गुरुग्रामला झाले. त्याचे उद्घाटन २३ नोव्हेंबर २०१४ रोजी मनोहर पर्रीकरांनी केले, तेव्हा त्यांना संरक्षणमंत्री होऊन दोन आठवडे झाले होते. 

आणि मच्छीमाराच्या वाट्याला काय आले? ओळखपत्रे, नौकांची नोंदणी आणि ठरवून दिलेले रंग, वीस मीटरपेक्षा लांब नौकांवर आपली जागा आपोआप कळवणारे यंत्र. कोकणातल्या बहुसंख्य नौका वीस मीटरपेक्षा लहान, त्यामुळे गर्दीतून ‘कुबेर’ ओळखण्याचा मूळ प्रश्न तसाच राहिला. लहान नौकांसाठीची उपग्रहाधारित यंत्रे पुष्कळ उशिरा आली. दरम्यान नाखवा मात्र रोज तपासला जाऊ लागला. बंदरातून निघताना मत्स्यव्यवसाय खात्याची नोंद, पाण्यात सागरी पोलीस, पुढे तटरक्षक दल, परतताना कस्टम्स, आणि प्रत्येकाला तीच कागदपत्रे वेगळी दाखवायची. एका हाताने त्याला ‘समुद्रातले डोळे आणि कान’ म्हणायचे, सागर सुरक्षा दलात नाव घालायचे, आणि दुसऱ्या हाताने पहिला संशयित म्हणून उभे करायचे. ज्याच्याकडून खबर हवी त्याचा दिवस आणि डिझेल वाया घालवले, तर तो खबर द्यायला येणार नाही. ठाण्यात गेले की तिथेच अडकून पडतो, हा अनुभव एकदा आला की माणूस पाहिलेलेही पाहिले नाही म्हणतो.

आता पावसाळ्याकडे वळू, कारण माझ्या मते या किनाऱ्याची खरी फट तिथे आहे. ३१ जुलै २०११ रोजी ‘पवित’ नावाचे टँकर जहाज मुंबईत जुहूच्या वाळूत येऊन रुतले. महिनाभर आधी ओमानच्या बाजूला खलाशांनी ते सोडून दिले होते. तेवढे मोठे जहाज माणसाविना अरबी समुद्र ओलांडून, तटरक्षक दलाची गस्त, नौदलाच्या पश्चिम विभागाचे मुख्यालय आणि नवी यंत्रणा यांच्या समोरून चौपाटीला लागले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये ‘विस्डम’ हे भंगारात निघालेले जहाज दोर तुटून जुहूलाच लागले होते. आणि २०२२ मध्ये ऑगस्टात ‘लेडी हान’. तिन्ही घटना नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांतल्या आहेत, हा योगायोग नव्हे. या महिन्यांत वारा आणि प्रवाह सोडलेली वस्तू भारताकडे ढकलतात. उंच लाटांच्या गोंगाटात रडारला लहान नौका वेगळी दिसत नाही. पोलिसांच्या हलक्या वेगवान बोटी या समुद्रात टिकत नाहीत. आणि याच दिवसांत मासेमारी बंदी असते. नौका वर ओढून शाकारलेल्या असतात, कोळी जाळी विणत बसतो, नारळी पौर्णिमेची वाट पाहतो. बंदी माशांच्या प्रजननासाठी योग्यच आहे. पण वर्षातले दोन महिने समुद्रातले हजारो डोळे मिटलेले असतात, आणि त्याच वेळी यंत्राचे डोळेही अधू असतात, हे सुरक्षा नियोजनाने वेगळे हिशेबात धरलेले दिसत नाही. ‘पवित’ आणि ‘लेडी हान’ यांच्यात अकरा वर्षांचे अंतर आहे, ऋतू मात्र तोच.

धोका किनाऱ्याकडे येत असतानाच तो दूर समुद्रातही रूप बदलत होता. २००८ मध्ये सोमाली चाच्यांनी एडनच्या आखातात धुमाकूळ घातला. त्या ऑक्टोबरपासून भारतीय नौदलाची एक तरी युद्धनौका तिथे सतत राहिली. नौदलाचा दबाव वाढला तसे चाचे पूर्वेकडे सरकले, आणि २०१० मध्ये जहाज उद्योगाने आपल्या अतिधोक्याच्या क्षेत्राची सीमा ७८ अंश पूर्व रेखांशापर्यंत आणली. मुंबई ७३ अंशांच्या जरा अलीकडे आहे. म्हणजे जगाच्या नकाशावर अख्खे कोकण, गोवा आणि केरळचा समुद्र सोमालियाच्या रांगेत जाऊन बसला. विम्याचे दर चढले. जहाजे चाच्यांना टाळण्यासाठी भारताच्या किनाऱ्याला चिकटून जाऊ लागली आणि त्यांच्या वाटेत मच्छीमारांची जाळी आली. जहाजांवर खासगी वा लष्करी सशस्त्र रक्षक बसले. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी ‘एनरिका लेक्सी’ या इटालियन टँकरवरील रक्षकांनी केरळजवळ दोन मच्छीमारांना चाचे समजून गोळ्या घातल्या. सोमालियातला धोका टाळण्यासाठी केलेली तजवीज भारतीय मच्छीमाराच्या जिवावर उठली. भारताच्या पाठपुराव्यानंतर २०१५ मध्ये ती रेषा ६५ अंशांवर मागे गेली.

इथून धोरणाची दिशा शेजाऱ्यांकडे वळली. मॉरिशस, सेशेल्स, श्रीलंका, मालदीव येथे भारताच्या मदतीने किनारी रडार उभे राहिले. व्यापारी जहाजांची माहिती एकमेकांना देण्याचे करार अनेक देशांशी झाले. डिसेंबर २०१८ मध्ये हिंदी महासागरासाठीचे माहिती केंद्र गुरुग्रामला सुरू झाले आणि मित्रदेशांचे अधिकारी तिथे येऊन बसू लागले. भारत, श्रीलंका आणि मालदीव यांची २०११ पासूनची त्रिपक्षीय बैठक पुढे कोलंबो सुरक्षा परिषद झाली. तिला मॉरिशस आणि नंतर बांगलादेशही जोडले गेले. जानेवारी २०१९ मध्ये ‘सी व्हिजिल’ हा सगळ्या किनारी राज्यांचा एकत्र सराव प्रथम झाला. त्याच्या दहा वर्षे आधी एका जिल्ह्याच्या दोन खात्यांना एकमेकांचे बिनतारी संदेश नीट पोहोचत नव्हते, हे आठवले तर ही प्रगती फार मोठी आहे.

२०२३ च्या शेवटी तिची परीक्षा झाली. गाझातील युद्धानंतर येमेनचे हुथी बंडखोर तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले करू लागले. सगळ्यांचे लक्ष तिकडे वळताच सोमाली चाचे पुन्हा उठले आणि १४ डिसेंबरला त्यांनी ‘रुएन’ हे मालवाहू जहाज पळवले. २३ डिसेंबरला पोरबंदरपासून सुमारे २१७ सागरी मैलांवर ‘केम प्लूटो’ या टँकरवर ड्रोन आदळले. अमेरिकेने इराणकडे बोट दाखवले, इराणने ते नाकारले. तटरक्षक दलाच्या ‘विक्रम’ने ते जहाज मुंबईत आणले. भारताच्या आर्थिक क्षेत्राच्या उंबरठ्यावर असे ड्रोन येईल, ही शक्यता २००९ च्या योजनेत नव्हती. पण नौदलाने काही दिवसांत अरबी समुद्रात अनेक विनाशिका तैनात केल्या. १६ मार्च २०२४ रोजी, भारतापासून सुमारे १४०० सागरी मैलांवर, ‘कोलकाता’ या युद्धनौकेने आणि विमानातून समुद्रात उतरलेल्या मार्कोस कमांडोंनी ‘रुएन’ सोडवले. सतरा खलाशी सुखरूप सुटले आणि ३५ चाचे शरण आले. २३ मार्चला ते मुंबईत आणून यलो गेट पोलीस ठाण्याच्या ताब्यात दिले गेले. यापूर्वी पकडलेल्या चाच्यांवर भारतीय दंड संहितेच्या सर्वसाधारण कलमांखाली खटले चालवावे लागत. २०२२ च्या सागरी चाचेगिरी विरोधी कायद्याने ती अडचण दूर केली होती.

सोमालियाच्या चाच्यांची कागदपत्रे शेवटी मुंबईच्या गोदीतल्या एका पोलीस ठाण्यात तयार झाली. प्रादेशिक सुरक्षेची साखळी किती लांबची असते आणि तिचे एक टोक किती साध्या जागी असते, ते इथे दिसते. त्या दूरच्या टोकाला आपण महिन्या-दोन महिन्यांत जुळवून घेतो. जवळच्या टोकाला दहा-दहा वर्षे लागतात. कारण उघड आहे. नौदलाला एक आदेशशृंखला, एक अर्थसंकल्प आणि समुद्रावर जगणारी माणसे आहेत. किनाऱ्याच्या पहिल्या १२ मैलांत गृह खाते, मत्स्यव्यवसाय खाते, कस्टम्स, बंदर प्रशासन आणि तटरक्षक दल सगळेच आहेत, पण पूर्ण उत्तरदायी कोणीच नाही. देशपातळीवर २०२२ मध्ये राष्ट्रीय सागरी सुरक्षा समन्वयक नेमले गेले. तालुक्याच्या पातळीवर समन्वय अजूनही ठाणेदाराच्या ओळखीवर चालतो. महालेखापरीक्षकांनी वेगवेगळ्या राज्यांबाबत पुन्हा पुन्हा तेच नोंदवले आहे: बोटी धक्क्याला बांधलेल्या, इंधन आणि दुरुस्ती अपुरी, चालक आणि इंजिनवाल्यांची पदे रिकामी. घाटावरून बदली होऊन आलेल्या शिपायाला बोट लागते आणि बदलीची वाट पाहणे हेच त्याचे काम होते. यात त्या शिपायाचा दोष नाही.

महाराष्ट्राच्या ७२० किलोमीटर किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या समुद्र ओळखणारी माणसे आहेत. त्यांच्या मुलांची सागरी पोलिसांत थेट भरती करावी, त्यांची बदली किनाऱ्याबाहेर होऊ नये. जून ते ऑगस्टसाठी वेगळी टेहळणी योजना हवी, आणि बंदीच्या काळात घरी बसणाऱ्या कोळ्यांनाच मानधन देऊन ती सोपवावी. पुढचा धोका ड्रोनच्या रूपाने येईल की आणखी कशाने, ते आज सांगता येणार नाही. पण तो पहिल्यांदा कोणाला दिसेल, ते बधवार पार्कने सांगितले आहे. तोपर्यंत किनाऱ्यावर राहणाऱ्या आणि तिथे फिरायला जाणाऱ्या प्रत्येक वाचकाने दोन दूरध्वनी क्रमांक पाठ करून ठेवावेत: सागरी पोलिसांचा १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४.